पोलिसांवरील शिस्तभंग कारवाई आणि तक्रारदाराचे स्थान : कोल्हापूरच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पोलिसाने गैरवर्तन केले तर त्याला शिक्षा कोण करतो, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सहज सापडते. ती शिक्षा कोणाच्या सांगण्यावरून, कोणासमोर आणि कोणाला ऐकवून होते, या प्रश्नाचे उत्तर मात्र इतिहासातच शोधावे लागते. कोल्हापूर हे या शोधासाठी सोयीचे ठिकाण आहे. एक तर येथे १९४९ पर्यंत स्वतंत्र संस्थानी कारभार होता, त्यामुळे ब्रिटिश मुलखातील पोलीस व्यवस्था आणि दरबारी व्यवस्था यांची तुलना करता येते. दुसरे असे की, विलीनीकरणानंतर हे शहर पोलीस परिक्षेत्राचे मुख्यालय झाले. आसपासच्या जिल्ह्यांतील पोलिसांच्या शिक्षा, अपिले आणि बडतर्फीचे कागद येथील विशेष पोलीस महानिरीक्षकांच्या कार्यालयातून फिरतात.

शिस्तभंगाच्या चौकशीकडे सामान्यतः आरोपी कर्मचाऱ्याला मिळालेले संरक्षण म्हणून पाहिले जाते. चौकशीविना झालेली बडतर्फी त्यामुळे कठोर आणि म्हणून लोकाभिमुख वाटते. प्रस्तुत निबंधात याच समजुतीची तपासणी केली आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे म्हणणे खात्याच्या कागदावर उतरण्याची जागा म्हणजेही चौकशी, ही बाजू गेल्या दीडशे वर्षांत कशी मागे पडली, हे येथे पाहावयाचे आहे.

मागाची जबाबदारी

आधुनिक पोलीस दल येण्यापूर्वी दख्खनच्या खेड्यांत रखवालीचे काम पाटील आणि त्याच्या हाताखालील महार, रामोशी, बेरड इत्यादी वतनदार जागले करीत. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत नेऊन दाखविला की जबाबदारी त्या गावावर जाई. माग गावातच थांबला तर चोरीस गेलेल्या मालाची भरपाई जागल्याने, आणि त्याची ऐपत नसेल तर गावाने करावयाची, असा रिवाज होता. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल दिला त्यातही या पद्धतीचे वर्णन आहे.

या रिवाजाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एकाच्या कसुरीबद्दल साऱ्या गावाला दंड, आणि तोही बहुधा सर्वांत दुबळ्या जातींच्या माथी, ही काही न्यायाची आदर्श रीत नव्हे. तथापि तीत एक गोष्ट होती जी पुढच्या व्यवस्थेत उरली नाही. रखवालदाराची कसूर ज्याचा माल गेला त्याच्या संदर्भात मोजली जाई. जबाबदारीची दिशा तक्रारदाराकडे होती.

१८६१ च्या पोलीस कायद्याने ही दिशा बदलली. १८५७ च्या उठावानंतर सरकारला हवे होते ते हुकमी, पगारी, कवायती दल. त्यापूर्वी १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने महसूल व पोलीस नोकर कबुलीसाठी आणि वसुलीसाठी लोकांना कसे मारहाण करतात याचे विस्तृत वर्णन केले होते. त्यामुळे छळाचा प्रश्न कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. कायद्यात त्याची दखल आहेच. कलम २९ प्रमाणे कोठडीतील इसमावर गैरवाजवी बळ वापरणाऱ्या पोलिसास दंडाधिकाऱ्यापुढे दोष शाबीत झाल्यास तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली होती. परंतु त्याच कलमात परवानगीशिवाय नोकरी सोडणे, रजा संपल्यावर हजर न होणे, भित्रेपणा करणे हेही गुन्हे होते आणि त्यांनाही तीच शिक्षा होती. कैद्याला मारणे आणि रजेवरून उशिरा येणे कायद्याच्या तराजूत एकाच पारड्यात बसले.

कलम ७ अधिक बोलके आहे. खात्याच्या वरिष्ठांनी स्वतःच्या अधिकारात द्यावयाच्या शिक्षा त्यात होत्या : एका महिन्याच्या पगारापर्यंत दंड, पंधरा दिवसांपर्यंत लाइनीत अडकवून ठेवणे, शिक्षेची कवायत, जादा पहारा, चांगल्या वर्तणुकीचा भत्ता बंद करणे. ही सर्व भाषा पलटणीची आहे. पलटणीत शिस्तीचा भंग म्हणजे वरिष्ठाच्या हुकमाचा भंग. त्यात बाहेरच्या माणसाला स्थानच नसते. मुंबई इलाख्यात १८६७ आणि १८९० मध्ये जिल्हा पोलिसांसाठी वेगळे कायदे झाले, तरी घडण हीच राहिली.

छळाला खरा पायबंद घालण्याचा प्रयत्न झाला तो शिस्तीच्या कायद्यात नव्हे, पुराव्याच्या कायद्यात. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात घेऊ नये, हा नियम १८६१ च्या फौजदारी संहितेत आला आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात कायम झाला. मारून मिळविलेल्या कबुलीची किंमतच काढून घेतली की मारण्याचे कारण राहणार नाही, हा त्यामागील हिशेब होता. मात्र कबुलीमुळे एखादी वस्तू हाती आली तर तेवढा भाग ग्राह्य धरण्याचा अपवाद कलम २७ मध्ये ठेवला गेला. पंचनाम्याला आपल्याकडील तपासात जे असाधारण महत्त्व आले, आणि खोट्या पंचनाम्याचा जो उद्योग वाढला, त्याचे एक मूळ या अपवादात आहे. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने दल भ्रष्ट व जुलमी समजले जाते आणि लोकांचा विश्वास त्याने मुळीच मिळविलेला नाही, असा निर्वाळा दिला. तोवर नव्या व्यवस्थेला चाळीस वर्षे झाली होती.

कोल्हापूर : दोन प्रसंग

या काळात कोल्हापुरात काय चालले होते? पोलिसांविरुद्धच्या कारवाईचा अभ्यास करताना १८८२-८३ चे प्रकरण सहसा आठवत नाही, कारण त्यात पोलीस शिपाई नाही. पण बंदोबस्तात ठेवलेल्या माणसाची सुरक्षितता आणि अधिकाऱ्याविरुद्ध बोलणाऱ्याची अवस्था हे या विषयाचे दोन्ही प्रश्न त्यात एकत्र आले आहेत.

चौथे शिवाजी महाराज वेडसर आहेत असे ठरवून त्यांना पहाऱ्यात ठेवण्यात आले होते. कारभारी माधवराव बर्वे महाराजांचा छळ करवितात, अशा आशयाचा मजकूर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांत प्रसिद्ध झाला. आधारादाखल जी पत्रे पुढे आली ती बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. संपादकांची बेफिकिरी उघड होती, ती झाकण्याचे कारण नाही. परंतु येथे न्यायासनापुढे प्रश्न आला तो पत्रे खरी की खोटी एवढाच. महाराजांना कसे वागविले जाते याची उघड, स्वतंत्र चौकशी हा त्या खटल्याचा विषय नव्हता, आणि ज्यांच्याविषयी हे सर्व चालले होते ते तर पहाऱ्यातच होते.

पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जराशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. मृत्यूचे कारण प्लीहा फुटणे असे नोंदले गेले. हे कारण त्या काळच्या वाचकांना नवे नव्हते. आग्र्याच्या फुलर नावाच्या वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले, तो मेला, आणि प्लीहा आधीच वाढलेली होती या वैद्यकीय मतावर फुलरला केवळ ३० रुपये दंड झाला, ते प्रकरण १८७६ मध्ये गाजले होते. खुद्द व्हाइसरॉय लिटन यांनी त्यावर नापसंती नोंदविली होती. हिवतापाच्या देशात प्लीहा वाढलेली असणे स्वाभाविक होते हे खरे, पण मृताचे दुबळे शरीर हे मारणाऱ्याच्या बचावाचे साधन कसे होते, हेही या प्रकरणांतून दिसते. कोठडीतील मृत्यूच्या कागदपत्रांत पूर्वीचा आजार, पलायनाचा प्रयत्न, आत्महत्या या शब्दांशी आजच्या वाचकाचा जो परिचय आहे, त्याची ही जुनी पिढी म्हणावी लागेल.

दुसरा प्रसंग शाहू महाराजांच्या कारकीर्दीतील. वर उल्लेखिलेले जागले नव्या राज्यव्यवस्थेत रखवालदाराचे संशयित झाले होते. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींतील लोकांना गुन्हा केला असो वा नसो, हजेरी द्यावी लागे. हजेरी चुकली की शिक्षा, परगावी जावयाचे तर परवानगी, आणि या प्रत्येक पायरीवर पाटील वा पोलीस यांची मर्जी. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. शेजारच्या ब्रिटिश मुलखात १९११ चा गुन्हेगार जमातींचा कायदा घट्ट होत असताना हा निर्णय झाला, हे लक्षात घेतले पाहिजे.

चरित्रकारांनी या हुकमाची नोंद सामाजिक सुधारणा म्हणून केली आहे. पोलीस प्रशासनाच्या इतिहासातही त्याचे महत्त्व तितकेच आहे. हजेरीच्या निमित्ताने कोणा अंमलदाराने जुलूम केला तर त्याला शिक्षा करणे हा एक मार्ग होता. महाराजांनी जुलमाचे निमित्तच काढून टाकले. लगेच १९१९ च्या जानेवारीत अस्पृश्य वर्गातील नोकरांना समतेने व ममतेने वागविण्याविषयीचा हुकूम निघाला. ज्या अधिकाऱ्यास हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यास पेन्शन मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट होते. गैरवर्तन म्हणजे वरिष्ठाचा अवमान, ही व्याख्या सोडून ज्याच्याशी वर्तन करावयाचे त्याचा अवमान हेच गैरवर्तन ठरविणारा असा हुकूम त्या काळच्या प्रशासनात क्वचितच आढळेल.

विलीनीकरणानंतरची चौकट

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. दोनच वर्षांनी मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ आला. आज तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्यातील कलम २५ शिक्षेचे अधिकार देते : बडतर्फी, सेवेतून काढणे, सक्तीची निवृत्ती, पदावनती, आणि खालच्या पातळीवर वेतनवाढ रोखणे, दंड, ठपका, ताकीद. १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांनी त्याचा तपशील ठरविला. साधारण रीत अशी : प्राथमिक चौकशी, दोषारोप, साक्षी, बचाव, चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल, कारणे दाखवा नोटीस, आणि मग आदेश. पोलीस अधीक्षकांनी दिलेल्या शिक्षेवर परिक्षेत्राच्या प्रमुखाकडे अपील करता येते. चौकशी चालू असताना केलेले निलंबन ही शिक्षा नसते, त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. मुख्यालयात जमा करणे किंवा बदली करणे हीदेखील शिक्षा नव्हे. वर्तमानपत्रांत कारवाई म्हणून जे छापून येते त्यातील बराचसा भाग कायद्याच्या दृष्टीने कारवाईच नसतो, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

या संपूर्ण रचनेत तक्रारदार कोठे आहे? तो साक्षीदार आहे. बोलावले तर यावे, विचारले तर सांगावे. शिक्षा कमी वाटली तर अपील करण्याचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार शिक्षा झालेल्याचा आहे.

याच अधिनियमात कलम १४७ आहे. अनावश्यक झडती, त्रास देण्याच्या हेतूने अटक, कोठडीतील इसमावर अनावश्यक बळाचा वापर यांसाठी त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड अशी मूळ तरतूद होती. १८६१ च्या तीन महिन्यांची दुप्पट झाली. पण त्यापुढे कलम १६१ उभे राहिले. पोलिसाने पदाधिकाराच्या ओघात किंवा त्याच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा खटला सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे, अन्यथा तो चालणार नाही. शासनाची पूर्वपरवानगी असल्यास दोन वर्षांपर्यंत मुभा देणारी तरतूद त्याला जोडली गेली, परंतु परवानगी मागावयाची ती शासनाकडेच.

या ‘आवरणाखाली’ शब्दावर १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयात जे वाद झाले ते मुळातून वाचण्यासारखे आहेत. विरूपाक्षप्पा कदमपूर विरुद्ध म्हैसूर राज्य या प्रकरणात एका हवालदारावर गांजाच्या जप्तीचा खोटा पंचनामा केल्याचा आरोप होता. पंचनामा करणे हे त्याच्या पदाचे काम, म्हणून खोटा पंचनामाही पदाच्या आवरणाखालीच झाला, आणि मुदत टळल्याने खटला चालणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्यानंतर १९६६ मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या प्रकरणात कबुलीसाठी मारहाण करणे व डांबून ठेवणे यांचा पदाच्या कर्तव्याशी संबंधच नाही, कायदा तर ते स्पष्टपणे मना करतो, म्हणून सहा महिन्यांची ढाल मिळणार नाही, असा निर्णय झाला. दोन्ही निर्णय एकत्र ठेवले की एक विचित्र चित्र उभे राहते. हाताने मारले तर संरक्षण नाही. लेखणीने मारले तर सहा महिन्यांनंतर संरक्षण आहे. पोलिसी गैरवर्तनात लेखणीचा वाटा किती मोठा असतो हे न्यायालयात वावरणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

चौकशीविना शिक्षा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३११ ने शासकीय सेवकाला चौकशीशिवाय बडतर्फ न करण्याची हमी दिली आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यांपैकी खंड (२) च्या परंतुकातील (ब) हा अपवाद, चौकशी करणे व्यवहार्य नाही असे कारण लेखी नोंदवून ती टाळण्याची मुभा देतो. तुलसीराम पटेल प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अपवाद वैध ठरविला, मात्र लहरीप्रमाणे किंवा गैरसोय होते म्हणून चौकशी टाळता येणार नाही असेही बजावले.

महाराष्ट्रातील दोन ठळक उदाहरणे मुंबईची आहेत, परंतु राज्यभराच्या पद्धतीवर त्यांचा प्रकाश पडतो. पोलीस निरीक्षक प्रदीप शर्मा यांना २००८ मध्ये याच अपवादाखाली बडतर्फ करण्यात आले. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने २००९ मध्ये ती बडतर्फी रद्द केली आणि २०१७ मध्ये ते पुन्हा सेवेत दाखल झाले. २००६ च्या बनावट चकमकीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरून जन्मठेप दिली ती मार्च २०२४ मध्ये. त्याविरुद्ध त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. दुसरे उदाहरण सचिन वाझे यांचे. ख्वाजा युनूस याच्या कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात २००४ मध्ये ते निलंबित झाले, २०२० मध्ये आढावा समितीच्या निर्णयाने सेवेत परतले, आणि वेगळ्याच प्रकरणात अटक झाल्यावर मे २०२१ मध्ये चौकशीविना बडतर्फ झाले. सोळा वर्षांचे निलंबन आणि नंतर एका आदेशाची बडतर्फी, या दोहोंच्या मध्ये ज्या कुटुंबाचा मुलगा गेला त्याला खात्यासमोर काय सांगावयाचे होते ते कोठे नोंदले गेले?

सोलापूरचे एक जुने प्रकरण याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखविते. रविकांत पाटील या कच्च्या कैद्यास बेड्या घालून रस्त्याने मिरविल्याबद्दल उच्च न्यायालयाने पोलीस निरीक्षकाने स्वतः दहा हजार रुपये भरपाई द्यावी आणि तशी नोंद त्याच्या सेवापुस्तकात व्हावी असा आदेश दिला होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम कायम ठेवली. ती मात्र राज्याने द्यावी, निरीक्षकाने नव्हे, असे सांगितले. आवश्यक वाटल्यास खात्याने चौकशी करून पुढील कारवाईचा निर्णय घ्यावा, असे सांगून सेवापुस्तकातील नोंदही काढली. तत्त्व म्हणून हे रास्तच आहे. परंतु आवश्यक वाटल्यास हे शब्द ज्याला उद्देशून आहेत तो खात्याचा वरिष्ठ आहे. मिरविला गेलेला माणूस नव्हे. जागल्याकडून होणारी भरपाई राज्याच्या तिजोरीतून होऊ लागली, आणि कसूर करणारा व नुकसान सोसणारा यांच्यामधला दुवा तुटला.

कोल्हापूर परिक्षेत्रातील दोन प्रकरणे

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात लूटमारीच्या गुन्ह्यातील एका तरुण संशयिताचा कोठडीत मृत्यू झाला. दोन्ही संशयित पळून गेले, असा कागद पोलिसांनी तयार केला. मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आल्याचे त्यानंतर उघडकीस आले. सोबतचा दुसरा संशयित जिवंत होता आणि नातेवाईक ठाण्यासमोरून हटले नाहीत, म्हणून पलायनाची कथा टिकली नाही. उपनिरीक्षकासह संबंधित पोलिसांना अटक झाली, निलंबन व बडतर्फी झाली, वरिष्ठांच्या बदल्या झाल्या, तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला.

खात्याने तत्परता दाखविली याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तरी इतिहासाच्या अभ्यासकाला काही साधे प्रश्न पडतात. ठाण्याच्या दैनंदिनीत त्या रात्री काय लिहिले गेले आणि ते कोणी वाचले? आरोपी बाहेर काढताना कोणाची नजर होती? ठाण्यात अधिकृत नेमणूक नसलेला, लोकभाषेत ‘झिरो पोलीस’ म्हटला जाणारा इसमही या प्रकरणात आरोपी झाला. असा इसम तेथे वावरतो हे किती काळ कोणाला ठाऊक होते? फौजदारी खटला या प्रश्नांना वाहिलेला नसतो. त्याचा विषय विशिष्ट व्यक्तींचा अपराध एवढाच. देखरेखीतील कसूर तपासण्याची जागा खातेनिहाय चौकशी हीच आहे, आणि बदलीने ती जागा भरून निघत नाही. त्यातही एक जुनी विषमता कायम आहे : शिपायाच्या वाट्याला जादा कवायत आणि वेतनवाढ रोखणे येते, अधिकाऱ्याच्या वाट्याला दुसरा जिल्हा.

दुसरे प्रकरण घडले मुंबई परिसरात, पण त्यातील दोन्ही प्रमुख व्यक्ती कोल्हापूर जिल्ह्यातील आणि दोघेही पोलीस अधिकारी. हातकणंगले तालुक्यातील आळते येथील सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. त्यांच्या कुटुंबीयांनी वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर यांच्यावर संशय घेतला. गुन्हा दाखल होण्यास जानेवारी २०१७ चा शेवट उजाडला. त्याच महिन्यात प्रजासत्ताक दिनी कुरुंदकर यांना राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले होते. अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये, आणि पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्यांना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली एप्रिल २०२५ मध्ये.

पदकाची शिफारस सेवापुस्तक आणि वरिष्ठांचे अहवाल पाहून होते. सेवापुस्तकात जे लिहिले जाते ते वरिष्ठाच्या नजरेस आलेले. घरच्या माणसांनी महिनोन्महिने दिलेले अर्ज त्यात उतरत नाहीत. येथे तक्रारदार कुटुंब पोलीस अधिकाऱ्याचेच होते, आणि तरीही ते खात्याच्या उंबरठ्याबाहेर राहिले. सामान्य माणसाच्या अर्जाची वाट यावरून ताडता येईल.

प्राधिकरण आणि कागद

प्रकाश सिंह प्रकरणात सप्टेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात तशी दुरुस्ती केली. राज्य प्राधिकरण निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली, आणि त्याखाली महसूल विभागाच्या पातळीवर विभागीय प्राधिकरण. न्यायालयाने सुचविलेले होते जिल्हा पातळीवरील प्राधिकरण. महाराष्ट्राने विभाग निवडला. त्यामुळे चंदगड किंवा गगनबावड्याच्या माणसासाठी ते पुणे विभागाचे झाले. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणे अशा तक्रारी त्याच्या कक्षेत येतात. त्याचे निष्कर्ष शासनाकडे जातात. शिक्षा देण्याचा अधिकार प्राधिकरणाला नाही. तथापि तक्रारदाराला खात्याबाहेरच्या मंचासमोर पक्षकार म्हणून उभे राहता आले, एवढे श्रेय या दुरुस्तीला द्यावेच लागेल. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झाले, आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गसह या सहा जिल्ह्यांतील माणसाला रिट याचिकेसाठी मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. प्राधिकरणाच्या कागदी रचनेपेक्षा या अंतराच्या घटीचा परिणाम अधिक होण्याचा संभव आहे.

राहतो तो कागदाचा प्रश्न. गिरीश देशपांडे यांनी एका शासकीय अधिकाऱ्यास दिलेल्या नोटिसा आणि शिक्षा यांची माहिती अधिकाराखाली मागणी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती माहिती वैयक्तिक स्वरूपाची ठरविली. व्यापक सार्वजनिक हित दाखविल्याखेरीज ती देता येणार नाही. ते प्रकरण पोलिसाचे नव्हते, परंतु पोलिसांच्या शिक्षेच्या आदेशांची मागणी करणाऱ्यालाही हाच निर्णय उत्तरादाखल दाखविता येतो. ज्याने तक्रार केली, ज्याची साक्ष नोंदली गेली, त्यालाही अंतिम आदेशाची प्रत हक्काने मिळत नाही. त्याला कळते ते बदलीच्या बातमीवरून, किंवा तोच अंमलदार काही महिन्यांनी पुन्हा त्याच ठाण्याच्या दारात दिसला म्हणजे.

शाहू महाराजांच्या कारकीर्दीतील हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटातून प्रसिद्ध होत. कोणत्या वर्तनासाठी नोकराची नोकरी आणि पेन्शन जाईल हे त्यात छापलेले असे, आणि ज्याच्या बाजूने हुकूम निघाला त्यालाही तो कोणाकडून तरी वाचून घेता येई.